दाढेचा मुहूर्त

बनुबाईच्या तोंडाला सगळी आळी भीत होती, आणि भ्यायलाच पाहिजे होती. म्हातारीनं सत्तरी ओलांडलेली, अंगानं वाळून चिपाड झालेली, पण बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली भांडणं थांबायची. नातीला बघायला आलेली दोन स्थळं तिनं नुसत्या तोंडानं परतवली होती. पहिल्या पाव्हण्यांना तिनं भर बैठकीत विचारलं, "तुमची थोरली सून म्हायेरी जाऊन बसलीया, ती कवा यायची?" दुसऱ्या वेळी नवऱ्या मुलाकडंच बोट केलं. "ह्यो मघाधरनं मावा थुकायला तीनदा उठला. लग्नात ह्याच्या म्होरं पिकदानी कोण धरणार?" दोन्ही वेळा पाव्हणे चहाला न थांबता उठले आणि दोन्ही वेळा तिच्या लेकानं, मानसिंगनं, मान खाली घातली.

मानसिंग फौजेतनं हवालदार होऊन आलेला गडी. मिरजेपासून अर्ध्या तासावर नदीकाठी त्याचा ऊस होता, दारात बोलेरो होती, आणि बोलणं सगळं ऑर्डरीत. तिसऱ्या खेपेला त्यानं थेट जबानच देऊन टाकली. उंब्रजचा भाऊसो त्याचा फौजेतला दोस्त. एका बराकीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. भाऊसोच्या पोराला, वीरधवलला, आपली पोरगी संयोगिता द्यायची असं दोघांनी फोनवरच ठरवलं. पोरगा वाईट नव्हता. हायवेला त्याचं टायरचं दुकान होतं, व्यसन कसलं नव्हतं. पण भाऊसोची एक अट होती. संयोगिता मिरजेत नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष उरलं होतं, ते तिनं सोडायचं. भाऊसो म्हणाला होता, "आमच्या घरातली सून परक्याची घाण काढाय जाणार न्हाई." आणि मानसिंग म्हणाला होता, "बरोबर हाय."

पोरीला हे कळलं तेव्हा ती बापाकडं गेली नाही, आईकडंही गेली नाही. आई राजेश्वरी नवऱ्याच्या शब्दाबाहेर नव्हती. पोरगी गोठ्यात गेली. बनुबाई धार काढत बसली होती.

"आज्जे, मला न्हाई करायचं हे लगीन. मला परीक्षा द्यायचीया. आप्पास्नी तूच आडवू शकतीस."

बनुबाईनं धार थांबवली नाही. "मी जिती हाय तवर तुजी सुपारी फुटत न्हाई. जा, म्हशीला पेंड घाल."

झालं. एका घरात दोन शब्द दिले गेले, लेकाचा एक आणि आईचा एक. दोन्ही खरे व्हायचे नव्हते.

आता त्यांच्या भावकीची रीत सांगायला हवी. लग्न ठरायचं म्हणजे चार माणसांत सुपारी फुटायची. पण फोडायच्या आधी ती सुपारी मुलीकडच्या सगळ्यांत थोरल्या माणसाच्या हातात द्यायची. त्यानं ती कपाळाला लावून ताटात ठेवली, की मग फोडायची. त्या घरात थोरली बनुबाई. आधीची दोन स्थळं कशी गेली हे उंब्रजपर्यंत पोचलंच होतं, म्हणून भाऊसोनं बजावलं होतं, "आईच्या हातनं सुपारी ताटात पडली पायजे, मानसिंगा. मागनं कटकट नगं." म्हणजे म्हातारी समोर बसायला तर पाहिजे, पण बोलायला नको. बायको म्हणाली, कसं जमायचं? पण त्याच आठवड्यात बनुबाईची दाढ ठणकायला लागली आणि हवालदाराच्या डोक्यात उजेड पडला.

दाढ काही आजची नव्हती. डावीकडची खालची. वर्ष झालं ती किडत होती. बनुबाई त्यात लवंग दाबायची, मिश्री घासायची, तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड गालात धरून बसायची आणि दाढेला शिव्या द्यायची. दवाखान्याला ने म्हणून तिनं लेकाला कितीदा सांगितलं असेल. तो म्हणायचा, "ह्या वयात दातं असत्यात व्हय कुणाला?" आणि हाच लेक त्या गुरुवारी सकाळी गाडी धुऊन दारात उभा. "चल आये, दाढ दावून यिऊ मिरजंला. तुला किती दिस तरास काढाय लावू?"

म्हातारीचं मन पाघळलं. किती झालं तरी पोटचा गोळा. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, आणि जाताना सुनेला ऐकवलंही, "बघ, लेक इसरला न्हाई मला." राजेश्वरीनं मान वर केली नाही. ती पोह्यांसाठी कांदे चिरत होती. एवढे कांदे कशाला, हे बनुबाईला विचारायचं सुचलं नाही.

मिरजेतल्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, ज्ञानदा नावाची, वयानं नातीएवढीच दिसणारी. तिनं बनुबाईला खुर्चीत आडवं केलं, तोंडावर दिवा ओढला, आणि हिरडीत इंजेक्शन दिलं. हळूहळू अर्धा ओठ गेला, अर्धी जीभ गेली. बनुबाईनं गालाला हात लावून बघितला तर गाल कुणा दुसऱ्याचाच. मग डॉक्टरणीनं पक्कड घातली. दुखलं नाही, पण आवाज डोक्यात घुमला, मुळासकट झाड हलवल्यागत. दाढेची मुळं वाकडी होती, ती सहज येईना. बनुबाईनं खुर्चीचे हात आवळून धरले आणि मनातल्या मनात सगळ्या कुळाला शिव्या घातल्या. शेवटी कटकन आवाज झाला आणि दाढ ताटलीत पडली.

"झालं आजी. हा बोळा दाबून धरा. आज थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम खायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती निघाली तर फार दुखेल. आणि मिश्री बंद."

मानसिंग पुढं झाला. "आणि बोलायचं?"

"आज जरा कमीच बोलू द्या. तसंही जीभ बधिर आहे, बोलता यायचं नाही."

"किती वाजस्तोवर?"

"संध्याकाळपर्यंत राहील बधिरपणा."

मानसिंगनं घड्याळात बघितलं आणि मान डोलावली. डॉक्टरीण म्हणाली, मुलगा फार काळजी करतो तुमची. बनुबाईनं बोळा चावत मान हलवली. तिलाही तसंच वाटलं होतं.

वाटेत त्यानं गाडी थांबवून आइसक्रीमचा कप घेतला. गार खाल्लं की रगत थांबतंय म्हणाला. बोळा जरा बाजूला सारायला लावून लाकडी चमच्यानं त्यानं स्वतः तिला भरवलं. अर्धं ओठातनं खाली सांडलं, ते त्यानं आपल्या रुमालानं पुसलं. बनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्याला लहानपणी गोवर आला तेव्हा आपण असंच भरवलं होतं, हे तिला त्याला सांगायचं होतं, पण जीभ वळेना. मग त्यानं नवा बोळा दिला आणि म्हणाला, "आता घट्ट दाब. घरी जाईस्तोवर काडू नगंस."

दारात गाडी वळली आणि बनुबाईला चपला दिसल्या. पायरीपासून तुळशीपर्यंत चपला. उंब्रजची पांढरी जीप लिंबाखाली लावलेली. ओसरीवर सतरंजी, मधे ताट, ताटात तांदूळ, कुंकू, हळकुंड आणि सुपारी.

तिला सगळं एकदम कळलं. कांदे कळले, घड्याळ कळलं, आइसक्रीमचा चमचासुद्धा कळला. तिनं लेकाकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

"या, या, काकी," भाऊसो उठून पाया पडला. जाडजूड, मिशीवाला, मोठ्या आवाजाचा माणूस. "तुमचीच वाट बघत हुतो."

बनुबाईनं बोलायला तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं की माझी नात शिकती हाय, तुमी आल्या पावली जावा. पण अर्धी जीभ मेलेली. शब्दाच्या जागी लाळ आली, हनुवटीवरनं लुगड्यावर ओघळली. पाव्हण्यांतल्या बायकांनी माना वळवल्या. मानसिंग लगेच पुढं झाला, हळुवार आवाजात म्हणाला, "आये, बोलू नगंस, डाक्टरनं ऑर्डर दिलीया." आणि पाव्हण्यांना म्हणाला, "सकाळपास्नं कुरकुर हाय दाढंची. तरी म्हनाली, सुपारीला मी बसणारच."

बनुबाईनं हात जोरात हलवला, नाही, नाही.

"थाटमाट नगं, साधंच करू म्हनतीया," मानसिंग म्हणाला.

तिनं जमिनीवर मूठ आपटली.

"लवकर उरका म्हनतीया. बसवत न्हाई तिला."

काय गं बाई ही तऱ्हा! जिच्या एका वाक्यानं दोन दोन जीपगाड्या परतल्या, तिचं बोलणं आता तिच्या लेकाच्या तोंडात गेलं होतं. तिनं आतल्या खोलीकडं बोट केलं, पोरीला विचारा, पोरीला तरी विचारा. तर मानसिंग हसून म्हणाला, "नातीला भाईर आना म्हनतीया." आणि राजेश्वरी पोरीला घेऊन आली.

संयोगिताला आईची पैठणी नेसवली होती. ती आजीसमोर बसली. तिनं आजीचा सुजलेला गाल बघितला, तोंडातला बोळा बघितला, आणि पोरगी समजून गेली. नुसती आजीकडं बघत राहिली. बनुबाईला ती नजर सहन झाली नाही. दाढ उपटताना दुखलं नव्हतं ते आत्ता दुखलं. शब्द दिला होता ह्या पोरीला, आणि म्हातारी थोबाड बांधून बसलीय.

गुरवानं काहीतरी पुटपुटून तांदूळ टाकले. भाऊसोनं सुपारी उचलून दोन्ही हातांनी बनुबाईच्या ओंजळीत ठेवली. "काकी, कपाळाला लावा आणि ताटात ठेवा."

मानसिंग तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. "ठेव, आये," तो दात आवळून म्हणाला. ते बाकीच्यांना ऐकू गेलं नाही.

बनुबाईनं सुपारीकडं बघितलं. मग तिनं तोंडातला बोळा काढून सतरंजीवर टाकला. लाल भडक. आणि सुपारी कपाळाला न लावता तोंडात घातली. डावीकडं, जिथं दाढ होती तिथं. सगळ्यांच्या देखत घोळवली, हाताच्या तळव्यानं गाल दाबला, आणि पुढं वाकून ताटात थुंकली. लाळ, रगत आणि सुपारी, सगळं तांदळावर पडलं.

"अगंऽ बया!" पाव्हण्यांतली एक बाई किंचाळली. "उष्टी किली गं सुपारी! रगताची!"

"दुसरी आना," मानसिंग ओरडला. "राजे, दुसरं ताट आन!"

पण भाऊसो उठून उभा राहिला होता. तो ताटाकडं बघत नव्हता, सतरंजीवरच्या बोळ्याकडं बघत होता. "दाढ कवा काडली, मानसिंगा?"

"अरं, तिची लय दिवसांची..."

"कवा काडली म्हनतोय मी!"

"आज."

"आज? सुपारीच्या दिवशी? म्हातारीचं तोंड बंद करून मला हितं बसवलास व्हय? म्हनलास, आई राजी हाय. जबान दिलीस मला, जबान!" भाऊसोचा आवाज लिंबापर्यंत गेला. "शत्रूसंगं बी आपुन असं केलं न्हाई रं. चल, वीरधवल, ऊठ. ह्या दारात पुन्यांदा पाय ठेवायचा न्हाई."

चपला शोधण्यात जरा वेळ गेला. जीप गेली. मागं कांदेपोह्यांची पातेली तशीच राहिली.

रगत संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. संयोगितानं बर्फ आणला, स्वच्छ कापूस दाबून धरायला लावला, आणि रडत रडत चिडली, "आज्जे, थुकायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं न्हवं तुला?" बनुबाईनं तिच्या हातावर फटका मारला. बधिरपणा उतरायला लागला होता आणि त्याच्या जागी जे येत होतं ते फार वाईट होतं.

डॉक्टरीण म्हणाली होती तसंच झालं. गुठळी सुपारीबरोबर ताटात गेली होती आणि खड्ड्यातलं हाड उघडं पडलं. ठणका जबड्यातनं कानात गेला, कानातनं कानशिलात. वारा लागला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. तिला मिश्रीची तलफ यायची, आणि डबी तर संयोगितानं लपवून ठेवलेली. बनुबाईनं नातीला अशा अशा शिव्या दिल्या की आळीतल्या बायांनी कान टवकारले. पोरीनं डबी दिली नाही.

घरात तर गोकुळच होतं! मानसिंग आईशी बोलायचा बंद झाला. भावकीत जो भेटेल तो त्याला विचारायचा, काय हवालदार, दाढ कशी हाय? राजेश्वरीनं दुसऱ्या दिवशी सासूपुढं ताट सरकवलं. कडक भाकरी आणि मिरचीचा खर्डा.

"चावनार कशी गं मी?" बनुबाई गाल धरून म्हणाली.

"सुपारी चावली की, आत्या. भाकरी त्यापरास मऊ हाय," राजेश्वरी म्हणाली आणि आत गेली.

बनुबाईनं भाकरी पाण्यात कुस्करली आणि उजवीकडनं गिळली. रडली नाही. ह्यांच्यापुढं रडायची तर मग सुपारी थुंकली कशाला?

पण एका दुपारी ठणका फारच वाढला. ती पडवीत भिंतीला डोकं लावून कण्हत होती. आत मानसिंग बातम्या बघत होता. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. ती आणखी कण्हली, त्यानं आणखी वाढवला. शेवटी तोच उठून दारात आला.

"दुखतंय? दुखू दे. माजं त्याच्यापरास लय दुखतंय. सख्ख्या भावासारखा दोस्त गेला माजा. फोन उचलत न्हाई त्यो. तुज्यापायी भावकीत त्वांड दाखवाय जागा न्हाई."

"तुज्याच पायी गेला त्यो," बनुबाई सावकाश म्हणाली. एकेक शब्दाला कळ येत होती. "पोरीला इचारलं असतंस तर ही पाळी आली नसती. आन एक ऐक, मानसिंगा. दाढ काडलीस त्याचं काय न्हाई, ती काडायचीच हुती. त्वांड बंद केलंस, त्येबी सोसलं असतं. पर तू मला आइसक्रीम चारलंस. चमच्यानं चारलंस, रुमालानं त्वांड पुसलंस. मला वाटलं, लेक परत आला माजा. त्ये दुखतंय."

मानसिंगचा चेहरा हलला, पण माफीचा शब्द त्या घराण्यात कुणाच्या जिभेवर कधी आला नव्हता.

"म्होरल्या म्हैन्यात दुसरं स्थळ आनतोय," तो म्हणाला. "बघतो कोन आडवतंय ते." आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलेरो दारात उभी होती, पण किल्ली मानसिंगच्या खिशात होती. संयोगितानं आजीला एसटीनं मिरजेला नेलं. खड्ड्या-खड्ड्याला म्हातारी पुढच्या बाकड्याचा दांडा धरून कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि रस्ता करणाऱ्याला शिव्या देत होती. कॉलेजच्या पांढऱ्या गणवेशातली नात गप्प बसून ऐकत होती.

डॉक्टरणीनं तोंडात दिवा मारला आणि कपाळाला हात लावला. "आजी, थुंकू नका म्हटलं होतं ना? काय केलंत हे?"

"काम हुतं," बनुबाई म्हणाली.

डॉक्टरणीनं खड्डा धुतला आणि लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी आत बसवली. थोड्याच वेळात ठणका उतरला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बनुबाईनं डोळे मिटून नीट श्वास घेतला.

"बरं वाटतंय? आता ऐका," डॉक्टरीण म्हणाली. "हिच्या शेजारची दाढही किडलीय. तीही काढावी लागणार. हा खड्डा भरला की लगेच काढून टाकू, म्हणजे पुन्हा त्रास नको. पुढच्या आठवड्यात येता?"

बनुबाईनं जिभेनं ती दाढ चाचपून बघितली. जरा हलवली. पक्की होती अजून.

"पुढल्या आठवड्यात नगं," ती म्हणाली. "म्होरल्या म्हैन्यात आमच्यात पावणं यायचं हायती. कवा येत्यात ती तारीख कळू दे. त्या दिवशी सकाळीच येती. तवर र्‍हाऊ दे तिला."

डॉक्टरणीला काही कळलं नाही. पाव्हणे येणार त्या दिवशी कुणी दाढ काढतं का, म्हणून ती संयोगिताकडं बघायला लागली. संयोगितानं तोंडावर हात धरला होता, पण तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतनं पाणी येत होतं.

"हसतीस काय, भवाने?" बनुबाई खुर्चीतनं उतरत तिच्यावर खेकसली. "जा, कालेजला उशीर हुतोय. आन नापास झालीस तर याद राख, तुजी सुपारी मीच फोडीन."